अर्ध्या पानावरून

रियाचं बारसं झालं त्या वर्षीच्या म्हाळात बाबू धुरी अर्ध्या पानावरून उठला.

रिया ही धोंडूची नात, मुंबईत नोकरीला असलेल्या गुरुप्रसादची मुलगी. बारसं श्रावणात गावच्या घरी झालं, आणि भाद्रपदातल्या पितृपक्षात म्हाळाची पाळीही धोंडूकडेच आली. बाबू थोरला, धोंडू धाकटा. दोन घरं, मध्ये चिऱ्यांचा गडगा. चूल वेगळी, काजूची बाग वेगळी, वाडवडलांना जेवू घालायचा म्हाळ मात्र एकच, एक वर्ष थोरल्याकडे आणि एक वर्ष धाकट्याकडे. पहिलं पान थोरल्याचं. तो पोटभर जेवला म्हणजे वर गेलेले जेवले, एवढंच धुरींच्या घरात लहानपणापासून सांगितलेलं असायचं. तो अर्ध्यावर उठला तर काय, हे कुणी सांगितलं नव्हतं. कारण तसं कधी झालं नव्हतं.

धोंडूची बायको सत्यवती पहाटेपासून चुलीपुढे होती. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, पाच भाज्या. बाबूने वड्याचे दोन घास खाल्ले, तिसरा तोंडात घातला आणि त्याचा चेहरा लाल झाला. त्याने छातीवर मूठ दाबली, पानाला नमस्कार केला, उठला, मागच्या दाराने विहिरीकडे गेला आणि तिथूनच आपल्या घरी निघून गेला. पंगत पानात हात ठेवून बसून राहिली. धोंडूने वहिनीकडे, म्हणजे जानकीकडे पाहिलं. "तेंका बरा वाटणा नाय," असं जानकी म्हणाली, पण इतक्या हळू की ते कुणाला पटलं नाही.

बागेच्या वाटणीचा वाद तोवर मिटला होता. निदान मिटला असं दोघेही भाऊ म्हणत. आता धोंडूला वाटलं, दादाने तो मनात ठेवला होता आणि बापाच्या पानावर बाहेर काढला.

त्यानंतर बाबू कुठल्याच पंगतीला बसला नाही. तुळशीच्या लग्नाला आला नाही, जत्रेच्या जेवणाला आला नाही. शिरोड्याला मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात मांडवात बसला आणि पानं मांडायला लागल्यावर गाडी लागते म्हणून निघून आला. उभी हयात रेडीच्या बंदरात बार्जवर काढलेला माणूस गाडी लागते म्हणतो, हे ऐकून लोक हसले.

खरं काय ते जानकीला ठाऊक होतं, पण अर्धंच. भात खाली जात नव्हता. कधी नुसतं पाणीही छातीत थांबायचं. आडवा झाला की दुपारचं जेवण न पचता तोंडात यायचं आणि खोकून खोकून जीव जायचा, म्हणून तो दोन उशांना टेकून बसल्यासारखा झोपे. गावच्या डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, त्या सहा महिने चालल्या. सदऱ्याच्या आत बाबू दिवसेंदिवस कमी होत गेला. जानकीने पेज आणखी पातळ केली आणि कुणाला सांगायचं नाही ही त्याने घातलेली शपथ पाळली. कारण तिला माहीत होतं, बाबू मनात काय धरून बसला आहे. त्याचा बाप काशिनाथ असाच घास अडकून अडकून गेला होता. त्याला अन्ननलिकेचा कर्करोग होता.

शेवटी शिमग्याला कणकवलीहून मुलगा विनीत घरी आला, त्याने बापाची मनगटं पाहिली आणि त्याला उचलून गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे दुर्बीण घालून पाहिलं, आतला तुकडाही तपासला. गाठ नाही, व्रण नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून दोन तपासण्या करू. त्यांनी बाबूला बरंच काही विचारलं, त्याने सगळ्याला नाही म्हटलं. पुढच्या तपासणीची तारीख आली तेव्हा बाबू घरापुढच्या खळ्यातून हलला नाही. गाठ नाही म्हणतात आणि परत बोलावतात, याचा अर्थ आहे आणि लपवतात, असा हिशेब त्याने मनाशी केला होता. विनीतने समजावलं, चिडला, आणि परत कणकवलीला गेला.

*

सत्यवतीने जे पाहिलं ते काजूच्या दिवसांत.

तिन्हीसांजेला ती गडग्याच्या कडेच्या झाडाखाली बोंडं गोळा करत होती. पलीकडे थोरले भावोजी उभे होते, तोंड तिच्या घराकडे. त्यांनी दोन्ही हात आभाळाकडे ताणले, छाती पुढे काढली, मान मागे टाकली. मग तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं, पुन्हा हात वर केले. ओठ हलत होते. थोड्या वेळाने ते वाकले आणि गडग्याच्या बुडाशी थुंकले, तिच्या बाजूला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी ती बोंडं तशीच टाकून घरात आली आणि नातीच्या कपाळाला अंगारा लावला.

हे तिने नवऱ्याला सांगितलं नसतं, पण त्याच आठवड्यात म्हैस आटली. मग तिला राहवेना. धोंडूने सगळं ऐकून घेतलं. अर्ध्या पानावरून उठणं एक वेळ गिळलं असतं. पाठीमागे देवाला गाऱ्हाणं घालून आपल्या घराला शाप देणं त्याला गिळवेना. मे महिन्यात गुरुप्रसाद मुंबईहून सुट्टीला आला तेव्हा धोंडूने त्याला ठरलेलं सांगितलं. यंदापासून म्हाळ वायलो. वायलो म्हणजे वेगळा. चूल वेगळी झाली तरी भाऊ भाऊच राहतो, पण म्हाळ वेगळा झाला की दोन घराणी होतात.

गुरुप्रसादने आधी बापाची बाजू घेतली, कारण आई रडत होती. मग दुपारी काकांकडे जाऊन आला. तो आईला म्हणाला की काका ओळखू येत नाहीत. आई म्हणाली, दुसऱ्याचं वाईट चिंतणाऱ्याचं असंच होतं. तरी संध्याकाळी त्याने विनीतला फोन करून बोलावून घेतलं. लहानपणी एकाच होडीत बसून मार खाल्लेले ते दोघे होते, आणि आपल्या बापांची भांडणं आपल्या अंगावर यायची नाहीत असं त्यांचं बोलून न दाखवता ठरलेलं होतं.

*

बैठक बाबूच्या खळ्यात झाली. मधे भाई. देवळात साऱ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याकडे, म्हणून असल्या गोष्टीत त्याला बोलावण्याची रीत. जानकीने सगळ्यांना कोकम सरबत दिलं. बाबूने पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

धोंडू जमिनीकडे बघत बोलला. भांडायचं नाही, वाटणी पुन्हा काढायची नाही, फक्त म्हाळ वेगळा करायचा, एवढंच त्याने सांगितलं. भाईने कारण विचारलं. धोंडू म्हणाला, कारण दादाला ठाऊक आहे. बाबू पेल्यात बघत राहिला. दोघे भाऊ असे तासभर बसले असते, पण खांबाला टेकून उभी असलेली सत्यवती पुढे आली.

"मी सांगतंय," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी बघलंय. भावोजी तिन्हीसांजेक गडग्याकडे उभे रवतत, आमच्या घराकडे तोंड करून. हात वर करतत, मान मागे टाकतत, तोंडात पाणी घेतत, काय ता पुटपुटतत आणि आमच्या बाजूक थुकतत. म्हस आटली. उद्या माझ्या नातीक काय झाला तर मी कोणाक इचारू?"

 भाईने पान चघळायचं थांबवलं.

"सत्यवती," तो म्हणाला, "माझा आयुष्य गेला गाऱ्हाणी घालण्यात. गाऱ्हाणा हात जोडून घालतत गो. हात वर केलो तर देव म्हणतलो, हो शरण इलो."

गुरुप्रसादला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. विनीत हसला नाही. तो उठून काकीजवळ गेला.

"काकी, कसे हात वर करतत? माका करून दाखव."

सत्यवतीला वाटलं, पोरगा चेष्टा करतो. पण त्याचा चेहरा बघून तिने पदर खोचला आणि करून दाखवलं. दोन्ही हात वर, छाती पुढे, मान मागे, गळ्याचा एक आवंढा. विनीत बघत राहिला. गोव्यातल्या त्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी नेमकं हेच विचारलं होतं. जेवताना उभं राहावं लागतं का? अंग ताणावं लागतं का? घास उतरायला वरून पाणी ढकलावं लागतं का? आणि बापाने एकेका प्रश्नाला मान हलवून नाही म्हटलं होतं.

"बाबानू," विनीत म्हणाला, "डॉक्टरीणबायन ह्याच इचारल्यान. तुम्ही नाय म्हणालात."

बाबूने पेला खाली ठेवला.

"बापाशीच्या तोंडाकडे सगळे बघीत बसत," तो म्हणाला. "घास गेलो काय, घास गेलो काय. धोंडू, तू ल्हान हुतंस, तुका आठवूचा नाय. तो मेलो ता मी इसरलंय. ता बघणा इसराक जमणा नाय."

 मग तो सत्यवतीकडे वळला. भावजयीशी असा सरळ बोलायची त्याची सवय नव्हती, म्हणून गडग्याकडे बघत बोलला.

"वडो बरो झाल्लो गो. पण हंय अडाकलो. आणखी एक घास घेतलंय असतंय तर सगळा परत इला असता. बापाशीच्या पानार. म्हणान उठलंय."

सत्यवती खाली बसली. तिला पहिल्यांदा आठवलं ते हे की भावोजींनी उठण्याआधी पानाला नमस्कार केला होता. तिने तो पाहिला होता आणि तेव्हापासून त्यालाच ढोंग म्हणत आली होती.

धोंडू मात्र उठून घरी गेला. भाईने विचारलं, मग म्हाळाचं काय ठरलं?  जानकी त्या दिवशी जेवली नाही. तिला वाटलं, दिराने ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूला गोव्याला न्यायला विनीतने गाडी काढली तेव्हा धोंडू इस्त्रीचा सदरा घालून, पिशवी घेऊन गडग्याजवळ उभा होता.

"मी येतंय," एवढंच म्हणाला आणि पुढच्या सीटवर बसला. बांद्याचा नाका ओलांडला. मग मागे बसलेल्या बाबूने विचारलं की म्हैस खरंच आटली काय. धोंडू म्हणाला, ती आटायचीच होती, गाभण आहे.

*

इस्पितळात बाबूला उभं करून एक पांढरं, खडूसारखं औषध प्यायला दिलं आणि ते उतरताना फोटो काढले. दुसऱ्या दिवशी नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेच्या आतला दाब मोजला. ती तपासणी बाबूने डोळे मिटून सोसली. धोंडू बाहेर बाकड्यावर बसून होता.

मग डॉक्टरीणबाईंनी तिघांना बोलावलं आणि फोटो उजेडावर लावला. वर नळी फुगून दुधी भोपळ्यासारखी झाली होती, आणि खाली एकदम निमुळती, पक्ष्याच्या चोचीसारखी.

त्यांनी सावकाश समजावलं. अन्ननलिका ही नुसती नळी नाही, तिच्या भिंतीत स्नायू आहेत. आपण घास गिळला की ते स्नायू लाटेसारखे आकसत जातात आणि घास खाली ढकलतात. शेवटी, पोटाच्या तोंडाशी स्नायूचंच एक कडं असतं. एरवी ते मिटलेलं असतं, घास आला की सैल होतं. हे सगळं चालवणाऱ्या बारीक नसा बाबूच्या अन्ननलिकेत हळूहळू निकामी झाल्या होत्या. लाट उठत नाही आणि कडं उघडत नाही. घास वर साठत राहतो. का होतं, ते नक्की सांगता येत नाही. कुणाच्या शापाने होत नाही आणि काही वाईट खाल्ल्यानेही होत नाही. हा कर्करोग नाही. आजाराचं नाव अकलेशिया.

बाबू गोंधळून धाकट्या भावाकडे बघत होता. धोंडू फोटोकडे बघत होता. खाऱ्या पाण्याच्या बांधालगत त्याची भातशेती होती, आणि बांधातल्या दाराशी त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"म्हणजे बांधाच्या दारासारखा," तो म्हणाला. "ओहोटीक दार आपसूक उघाडता आणि शेतातला पाणी जाता. दार धरला की पाणी आत तुंबता. मगे तुंबून तुंबून वजन झाला की तेवढ्यापुरता जरासा ढकालता."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी तसंच. उभं राहून वरून पाणी प्यायलं की त्या वजनाने थोडं उतरतं, म्हणून हे हात वर करत होते, आणि उतरलं नाही ते थुंकत होते.

धोंडूने चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसला.

बाबूने स्वतःच एक प्रश्न विचारला. मरतलंय काय? बाई म्हणाल्या, याने नाही. मात्र गेलेल्या नसा परत येणार नाहीत. दार पुन्हा आपसूक उघडणार नाही, ते कायमचं थोडं उघडं करून ठेवता येईल. तोंडातून दुर्बीण घालून आतल्या आत त्या कड्याच्या स्नायूला चीर द्यायची. नंतरही घास त्याच्या वजनानेच उतरणार, तेव्हा ताठ बसून, चावून चावून जेवायचं, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, आंबट वर येऊ नये म्हणून गोळी चालू ठेवायची आणि अधूनमधून दाखवायला यायचं.

आषाढात ते झालं. शुद्धीवर आल्यावर काही दिवसांनी बाबूला पहिल्यांदा घट्ट पेज दिली. त्याने चमचा तोंडात घातला आणि सवयीने छातीवर मूठ नेली. मूठ तिथेच राहिली. पेज गेली होती. त्याने जानकीकडे बघितलं, जानकीने दुसरीकडे बघितलं, आणि दोघांनाही रडू आलं नाही, हसू आलं. लाथ मारायला पाय उचलावा आणि दार उघडंच असावं, तसं त्याचं झालं होतं.

गावात ते नाव भलतंच पसरलं. धोंडूने भाईला सांगितलं अकलेशिया, भाईने बाजारात सांगितलं की बाबूला अकलेचा आजार झाला होता, आता ऑपरेशन करून अक्कल उघडी केली. समाचाराला लोक येऊ लागले ते बाबूच्या पोटाकडे बघायचं सोडून डोक्याकडे बघायचे.

"अकलेचो आजार खरो," सत्यवती जानकीला म्हणाली. "पण तो गडग्याच्या आमच्या बाजूक हुतो."

जानकीने तिला शेवग्याच्या शेंगा दिल्या, एवढंच. वर्षभर तिने जे ऐकलं होतं ते एका वाक्याने जाणारं नव्हतं. ते हळूहळू गेलं.

*

त्या वर्षी म्हाळाची पाळी थोरल्याची होती. पण सत्यवतीने भाईला मध्ये घालून निरोप पाठवला, की एक पान माझ्याकडे अर्धं राहिलं आहे, ते पुरं होईपर्यंत पाळी माझीच. असा नियम कुठे नाही, असं भाई म्हणाला, आणि नसेल तर आजपासून आहे, असंही म्हणाला.

पंगत बसली. पहिलं पान बाबूचं, शेजारी धोंडू, मग भाई, गुरुप्रसाद, विनीत, वाडीतले चार लोक. सत्यवतीने वडा वाढताना हात आखडता घेतला नाही. बाबूने तुकडा मोडला, सांबाऱ्यात बुडवला, तोंडात घातला आणि चावायला लागला.

आणि पंगतीतल्या सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. कुणी मुद्दाम केलं नाही. विनीत घशाकडे बघत होता, जानकी दारातून छातीकडे, भाईचा घास तर हातातच राहिला होता. बाबूचं चावणं मंदावलं. त्याची नजर मागच्या दाराकडे गेली.

सत्यवती वाढायचं भांडं कमरेवर घेऊन पंगतीच्या मधोमध उभी राहिली.

"आपापल्या पानात बघा," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पानात काय बघतास? तुमका वाढलंय नाय काय मी?"

माना खाली गेल्या. बऱ्याच वेळाने बाबूने दुसरा तुकडा मोडला, मग तिसरा. थोरला हात धुवायला उठल्याशिवाय पंगत उठत नाही, आणि बाबू डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे एकेक घास गुरासारखा रवंथ करून खात होता. सगळ्यांचे हात कोरडे झाले. गुरुप्रसादच्या खिशातला फोन दोनदा वाजून थांबला. भाई बसल्या जागी पेंगला. धोंडूचं जेवण केव्हाच झालं होतं, पण तो पानातलं मीठ बोटाने इकडून तिकडे करत बसून राहिला, भावाला घाई वाटू नये म्हणून. उन्हं खळ्यातून गडग्यावर चढली तेव्हा बाबूने खिरीची वाटी तोंडाला लावून रिकामी केली आणि पानाला नमस्कार केला.

"वाढूक होया काय, भावोजी?" सत्यवतीने विचारलं.

"अर्धो वडो," बाबू म्हणाला. पंगतीतून कुणीतरी मोठा सुस्कारा टाकला, आणि सगळे पुन्हा बसून राहिले.

म्हाळ पुढे वेगळा झाला नाही. तीन वर्षांनी बाबूचा घास परत अडायला लागला, तेव्हा त्याने कुणापासून लपवलं नाही. गोव्याला जाऊन फुगा घालून वाट थोडी रुंद करून आला. धाकट्याला कधी काही आजार नव्हता. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी, रविवारी सकाळी, आंघोळीचं पाणी काढताना धोंडू काशिनाथ धुरी हृदय बंद पडून वारला. तो बाबूपेक्षा सहा वर्षांनी लहान होता.